व्हॅक्यूम सीलर घेताना आधी पट्टी बघा

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या घराच्या तळघरात लांबलचक टेबल मांडलं जातं. चार मराठी घरं मिळून आम्ही जवळच्या शेतावरून अख्खा बोकड आणतो, एखाद्या वर्षी दोन. साताऱ्याकडे माझ्या लहानपणी जसे वाटे घातले जायचे तसेच इथेही घालतो. प्रत्येक परातीत थोडी चाप, एखादी नळी, फऱ्याचं मटण, कलेजीचा तुकडा. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. त्याच सुमारास शेजारचे आजोबा शिकारीवरून परततात. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी इथला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. रानातल्या शिकारीचं मांस विकायला इथे परवानगी नाही, त्यामुळे ते घरात खाल्लं जातं किंवा शेजारीपाजारी वाटलं जातं. मध्यम हरणाचं हाडं काढलेलं मांस सहज वीस किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एका शनिवार-रविवारात टेबलावर तीस-चाळीस किलो मांस, आणि ते सगळं पुढच्या आषाढापर्यंत पुरवायचं.

पहिल्या वर्षी मी सेलमध्ये मिळालेला एक छोटा व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा काढून तिचं तोंड तापवून बंद करणारं मशीन, आणलं होतं. पहिल्या दहा पिशव्या झकास झाल्या. अकराव्या पिशवीला दिवा लुकलुकायला लागला, बारावीचं प्लास्टिक वितळून तोंड बंद करणाऱ्या तापत्या पट्टीलाच चिकटलं आणि मग मशीन बंद पडलं ते पडलंच. रात्रीचे साडेदहा वाजले होते. परातींमध्ये निम्म्याहून जास्त मटण तसंच होतं. ते साध्या झिपच्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकलं. मार्चमध्ये बाहेर काढलं तेव्हा कडा पांढरट, कोरड्या, सालपटासारख्या झालेल्या आणि रश्श्याला खवट वास. त्याहून जास्त वाईट वाटलं ते पहिल्या दहा पिशव्यांचं. दिसायला उत्तम असलेल्या त्या पिशव्यांपैकी तिघींनी आतल्या आत हवा धरली होती.

तेव्हापासून मी या यंत्रांच्या मागे लागले. एका जिवाचं मांस आपण घरात आणतो, चार घरांची मेहनत त्यात असते. ते फ्रीझरमध्ये वाया जाऊ देणं मला सहन होत नाही. म्हणून जे समजलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

फ्रीझरमध्ये मटण वाळतं कसं?

देव्हाऱ्यातला कापूर डबीचं झाकण उघडं राहिलं की काही दिवसांत उडून जातो. तो वितळत नाही, ओला होत नाही, सरळ हवेत जातो. बर्फाचंही तसंच होतं. फ्रीझरमधली हवा फार कोरडी असते, त्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरच्या बर्फाचे कण पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातात. मागे राहतो तो स्पंजासारखा सच्छिद्र, कोरडा थर. पिशवीच्या आत जे दव साचलेलं दिसतं ते त्याच मांसातून निघालेलं पाणी. दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन चरबीवर काम करत राहतो आणि ती खवट होते. गोठवल्याने हे मंदावतं, थांबत नाही. असं मांस खाऊन कुणी आजारी पडत नाही, पण त्याची चव गेलेली असते.

पिशवी मांसाला घट्ट चिकटलेली असली तर बर्फाला उडून जायला जागाच नसते आणि ऑक्सिजनही जवळपास नसतो. व्हॅक्यूम पॅकिंगचं सगळं काम एवढंच. यंत्र आतली हवा काढतं आणि मग बाहेरचं वातावरण पिशवीला दाबून धरतं, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो एवढ्या जोराने. हा दाब पुढचे आठ-दहा महिने टिकवायचा आहे. तो टिकवतं कोण? पंप तर अर्ध्या मिनिटात आपलं काम संपवून मोकळा होतो. पुढे सगळी भिस्त असते ती दोन-पाच मिलिमीटर रुंदीच्या एका रेघेवर, पिशवीच्या तोंडाशी असलेल्या सीलवर. जाहिराती मात्र पंपाची ताकद मोठ्या अक्षरांत सांगतात आणि सीलबद्दल एक ओळही नसते.

दोन जातीची यंत्रं

घराघरांत दिसतं ते बाहेरून हवा ओढणारं यंत्र. इथे लोक त्याला सरसकट फूडसेव्हरच म्हणतात, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. पिशवीचं तोंड एका खाचेत ठेवायचं, झाकण दाबायचं, पंप त्या तोंडातून हवा शोषतो. त्यासाठी पिशवीला आतून बारीक नक्षी लागते, नाहीतर प्लास्टिकचे दोन थर एकमेकांना चिकटतात आणि हवेला बाहेर यायला वाटच राहत नाही. हवा जिथून येते तिथूनच मांसाचं पाणी आणि रक्तही येतं. ते सीलच्या रेघेवर साचतं, जास्त झालं तर पंपात जातं.

दुसरं चेंबर मशीन. यात अख्खी पिशवी एका डब्यात आडवी ठेवतात, वर जाड पारदर्शक झाकण. पंप पूर्ण डब्यातली हवा काढतो, म्हणजे पिशवीच्या आत आणि बाहेर दाब सारखाच कमी होत जातो. रस्सा ओढला जाण्याचं कारणच उरत नाही. मग तिथेच पट्टी तापते, सील होतं आणि शेवटी डब्यात हवा परत सोडली की पिशवी क्षणात मांसाला चापून बसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही शेवटची उडी जादूसारखी वाटते. याला नक्षीची पिशवी लागत नाही, साधी गुळगुळीत चालते आणि ती बरीच स्वस्त पडते.

चेंबर मशीनची एक गंमत आहे, ती कुकर वापरणाऱ्या प्रत्येकाला चटकन कळेल. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते. इथे बरोबर उलट. दाब इतका उतरतो की २५ अंशांचं साधं पाणीही उकळायला लागतं. कोमट अळणी, म्हणजे मटणाचं सूप, पिशवीत भरून डब्यात ठेवली तर ती फसफसून सगळीकडे उडेल. रस्सा, अळणी, मॅरिनेट केलेलं मटण आधी फ्रिजमध्ये रात्रभर गार करायचं, मगच चेंबरमध्ये. थंड पाणी उकळायला दाब कितीतरी जास्त उतरावा लागतो, तोवर आपलं काम उरकलेलं असतं.

टिकाऊपणा नेमका कुठे असतो

माझं ठाम मत असं झालं आहे की घरगुती सीलर मरतो तो उष्णतेने. पट्टीत एक निक्रोमची तार असते, इस्त्रीच्या किंवा टोस्टरच्या एलिमेंटसारखी. तिच्यावर टेफ्लॉनची पट्टी असते, प्लास्टिक चिकटू नये म्हणून. शेजारीच पंपाची छोटी मोटर. आठवड्याला दोन पिशव्या करणाऱ्या घरात हे सगळं मधल्या वेळात थंड होतं आणि यंत्र वर्षानुवर्षं चालतं. आपण एका बैठकीत चाळीस पिशव्या करतो, तेव्हा उष्णता साठत जाते.

आता पिशवीकडे जवळून बघू. चांगली पिशवी दोन प्रकारच्या प्लास्टिकची असते. बाहेर नायलॉन, तो ऑक्सिजनला अडवतो आणि सहज फाटत नाही. आत पॉलिथिलीन, ते वितळून एकमेकांत मिसळतं आणि सील बनतं. पॉलिथिलीन साधारण १०५ ते १३० अंशांच्या दरम्यान वितळतं, नायलॉन त्याच्या बरंच वर, दोनशे अंशांच्या पुढे. म्हणजे पट्टीने या दोहोंच्या मधलं तापमान धरायला हवं. कमी तापली तर थर नुसते चिकटतात, मिसळत नाहीत. हाताने सोलले की सुटतात. फार तापली तर नायलॉनही मऊ पडतो आणि रेघ पातळ, ठिसूळ होते. माझी बारावी पिशवी पट्टीला चिकटली ती याच कारणाने. हवा धरणाऱ्या त्या तीन पिशव्यांची रेघ दिव्याखाली धरली तेव्हा तिच्यात बारीक बुडबुडे दिसले. पिशवीच्या तोंडाशी ओल राहिली होती, पट्टी तापल्यावर तिची वाफ झाली आणि ती वाफ सीलमध्येच अडकून बसली. प्रत्येक बुडबुडा म्हणजे हवेला मिळालेली एक पायरी.

यावरून घरच्या घरी करायची परीक्षा सांगते. नवीन यंत्र आणलं की रिकाम्या पिशवीवर वीस सील ओळीने मारा, मध्ये कंपनी सांगते तेवढीच विश्रांती द्या. मग पहिलं, दहावं आणि विसावं सील उजेडात धरा. रेघ काचेसारखी स्वच्छ, सलग आणि सारख्या रुंदीची हवी. आता दोन्ही बाजू धरून जोराने ओढा. चांगलं सील सुटत नाही, त्याच्या शेजारची पिशवी ताणली जाते किंवा फाटते. विसावं सील पहिल्याइतकंच पक्कं असेल तर यंत्र ठेवा. नसेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानात नेऊन द्या.

घ्यायच्या आधी माहितीपुस्तिका वाचा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर मिळतात. त्यात शोधायच्या दोन गोष्टी: दोन पिशव्यांच्या मध्ये किती सेकंद थांबायला सांगितलं आहे, आणि सलग किती पिशव्यांनंतर मोठी विश्रांती. स्वस्त यंत्रांत वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबा आणि मग चांगली लांब विश्रांती, असं लिहिलेलं असतं. शिकारी आणि शेतावरच्या लोकांसाठी बनवलेल्या यंत्रांत मोटर थंड करायला पंखा असतो, दुहेरी पिस्टनचा पंप असतो, बाहेरून स्टील असतं. ती जड असतात. वजन हा माझ्या मते खरोखर चांगला पुरावा आहे. हाताला हलकं लागणारं यंत्र उष्णता सामावून घेऊ शकत नाही.

सीलची रुंदीही बघा. दोन-तीन मिलिमीटरची रेघ पिठामसाल्याच्या पिशवीला पुरते. हाडाच्या मटणाला पाच मिलिमीटर किंवा दोन समांतर रेघा हव्यात. सीलची वेळ हाताने कमी-जास्त करता येणं तर फारच मोलाचं आहे, कारण पट्टी तापत गेली की वेळ थोडी कमी करावी लागते आणि जाड पिशवी असली की वाढवावी लागते.

मग सुटे भाग. कुकरची रिंग सैल पडली म्हणून कुणी कुकर टाकून देत नाही, नवी रिंग आणतो. सीलरमध्येही झाकणाच्या कडेने फोमची रिंग असते. ती चपटी झाली की पंप नुसता घरघरत राहतो आणि हवा निघत नाही. यंत्र बिघडलं म्हणून लोक फेकतात, आणि बहुतेक वेळा बिघडलेली असते ती एवढी रिंगच. फोम, टेफ्लॉनची पट्टी आणि एलिमेंट सुटे मिळतात का, ते स्वतः बदलता येतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मी यंत्राबरोबरच फोमचा एक जादा जोड घेऊन ठेवला. आणि यंत्र कपाटात ठेवताना झाकणाची कडी लावून ठेवू नका. वर्षभर दाबून राहिलेला फोम परत फुगत नाही.

बाहेरून ओढणाऱ्या यंत्राला रक्त-पाणी अडवणारा, काढून धुता येणारा ट्रे हवाच. चेंबर मशीनमध्ये तेलाचा पंप असेल तर त्याचं तेल बदलावं लागतं. ओल्या मांसातली वाफ तेलात मिसळते आणि काचेतून तेल ताकासारखं गढूळ दिसायला लागतं. पंप काही मिनिटं नुसता चालवून गरम केला की बरीच वाफ निघून जाते, तरीही वेळेवर बदललंच पाहिजे. एवढी काळजी घेतली तर तेलाचा पंप खूप वर्षं सोबत करतो. असं मशीन जागा भरपूर खातं आणि ओट्यावरून उचलायला दोन माणसं लागतात, हेही आधीच लक्षात घ्या.

मग घ्यायचं कोणतं? महिन्याला दोन-चार किलो मटण साठवणाऱ्या घराने मोठ्या यंत्रावर पैसे घालवू नयेत, साधं पुरे. वर्षातून एक-दोनदा तीस किलोच्या आसपास भरणाऱ्यांना पंख्याचं, रुंद पट्टीचं, बाहेरून ओढणारं दणकट यंत्र सगळ्यात योग्य. रस्सा, अळणी, वाटण लावलेलं मटण हे सगळं नेहमी भरत असाल तर चेंबर मशीनकडे जा. आम्ही चार घरांनी मिळून एक चेंबर मशीन घेतलं. बोकडाचे वाटे तसेच त्याच्या खर्चाचेही वाटे.

हाडं, ओल आणि घाई

सर्वात चांगलं यंत्रसुद्धा चापेच्या टोकापुढे हरतं. कोयत्याने तोडलेल्या हाडाची कड सुईसारखी असते आणि व्हॅक्यूममध्ये पिशवी त्यावरच दाबली जाते. हाडाच्या टोकांवर बटर पेपरची चौपदरी घडी ठेवायची किंवा जाड पिशवी घ्यायची. नळी आणि पाया मी दोन पिशव्यांत भरते, एकीत दुसरी. हरणाचं मांस बहुधा हाडं काढूनच भरतात, ते सोपं जातं. मात्र त्याची चरबी आणि वरचा पांढरा पापुद्रा भरायच्या आधी काढून टाका. हरणाची चरबी तोंडात मेणासारखी चिकटते आणि फ्रीझरमध्ये लवकर खराब होते.

ओलीवर उपाय साधा आहे. तुकडे ताटात पसरून फ्रीझरमध्ये तास-दोन तास ठेवा, वरून कडक होऊ द्या, मग भरा. पिशवीचं तोंड भरताना बाहेरच्या बाजूने दुमडून ठेवा, म्हणजे सीलच्या जागेला मांस लागतच नाही. वर सात-आठ सेंटिमीटर जागा सोडा, सील करण्याआधी ती आतून कोरड्या कागदाने पुसा. खिमा लाटून दोन सेंटिमीटर जाडीचा करा. लवकर गोठतो, त्याचा बर्फही लवकर सुटतो आणि पुस्तकांसारखा उभा रचता येतो.

सगळ्या पिशव्या एकदम फ्रीझरमध्ये कोंबू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशेब असा की एका घनफुटाला, म्हणजे साधारण २८ लिटर जागेला, दिवसाला दोन ते तीन पौंडच नवीन माल घालावा. २०० लिटरच्या फ्रीझरला हे सहा ते नऊ किलो होतं. बाकीचं दुसऱ्या घरांच्या फ्रीझरमध्ये जातं. हळू गोठलेल्या मांसात बर्फाचे मोठे खडे होतात आणि सुटताना ते मांसाचा रस घेऊन बाहेर पडतात.

ज्याबाबत हयगय नको

व्हॅक्यूम म्हणजे निर्जंतुक नव्हे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू हवा नसतानाच वाढतो आणि त्याचं विष जीवघेणं असतं. त्याच्या काही जाती ३.३ अंशांपासून पुढे वाढू शकतात, आणि आपला फ्रिज साधारण चार अंशांवर असतो. म्हणून व्हॅक्यूम केलेलं मांस किंवा मासे ओट्यावर, कोठीत ठेवायचे नाहीत. फ्रिजमध्येही आठवडाभर पडू द्यायचे नाहीत. भरलं की उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. आलं-लसणाचं वाटण लावलेल्या मटणालाही हाच नियम, कारण लसूण मातीतून येताना या जिवाणूचे बीजाणू आणू शकते. गोठलेल्या माशांचा बर्फ सुटावा म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवण्याआधी पिशवीचं तोंड कापून उघडा. हे एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ आहे.

हरणाच्या पिशव्यांवर आम्ही तारखेबरोबर त्या हरणाचा क्रमांकही लिहितो. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ मध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग सापडला. शिकारी नमुना तपासणीला देतात आणि निकाल यायला काही दिवस जातात. लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे, आणि शिजवून या रोगाचं कारण नष्ट होत नाही. पिशवीवर क्रमांक असला तर नेमक्या कुठल्या पिशव्या बाजूला काढायच्या ते कळतं. निकाल येईपर्यंत आजोबाही एक पिशवी उघडू देत नाहीत.

भारतात घेणार असाल तर

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीच्या मांसाचा प्रश्नच नाही. पण घरचा बोकड, गावठी कोंबडी आणि किनाऱ्यावरचे मासे आहेत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यात भरून ठेवलेल्या सुरमईचं मोल कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. कोळंबीची टोकं पिशवी फोडतात, त्यामुळे ती सोलूनच भरा.

नातेवाइकांनो, कृपा करून अमेरिकेतून यंत्र मागवू नका. इथली यंत्रं १२० व्होल्टची असतात. तेच एलिमेंट २३० व्होल्टवर लावलं तर साडेतीन पटींहून जास्त उष्णता तयार होते आणि ते पहिल्याच सीलला जळतं. ट्रान्सफॉर्मर लावला तरी इथली वीज ६० हर्ट्झची आणि तिथली ५०ची, हा फरक तो मिटवत नाही, आणि मोटर त्याच फरकावर गरम होऊ शकते. शहरांतल्या पॅकिंग मशीनच्या दुकानांत २३० व्होल्टची टेबलावर मावणारी चेंबर मशीनं मिळतात. सुकामेवा आणि मसाला विकणारे तीच वापरतात. ‘डीझेड-२६०’ यासारख्या नावातला आकडा सहसा पट्टीची मिलिमीटरमधली लांबी सांगतो. दुकानदाराकडे एलिमेंट आणि टेफ्लॉन पट्टी मागा. त्याने लगेच खणातून काढून दाखवली तर त्याच दुकानातून घ्या.

पहिली पिशवी उघडाल तेव्हा घाबरू नका. मटण जांभळट, काळपट दिसेल आणि क्षणभर किंचित आंबूस वास येईल. ऑक्सिजन नसला की मांसातलं रंगद्रव्य तसंच जांभळं होतं. ताटात काढून वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये उघडं ठेवा. तोवर कांदा-खोबरं भाजून घ्या. वाटण होईतो वास गेलेला असतो आणि तुकडे पुन्हा लाल दिसायला लागतात. वास गेलाच नाही किंवा हाताला बुळबुळीत लागलं, तर मात्र ते मटण टाकून द्या.